बाहेरची परिस्थिती

१२ मार्च, मंगळवार

चि. बाळ्यास,

आशीर्वाद नेहमीचेच. मी बरी आहे. मावशीचा गुडघा धरलाय, पण जीभ ठणठणीत. खरेदी विभागाचा साहेब झालेला भाचा तोंड का दाखवत नाही, असं रोज विचारते. मी सांगते, कामात आहे.

आपल्या कारखान्याची मशिनं लोकांच्या घरी पेटल्याच्या चौकशीत काल तू केलेलं भाषण आमच्या टेस्टिंगच्या खोलीपर्यंत पोचलं. तांबं महागलं, चलन घसरलं, परदेशातून स्वस्त माल आला, ऑनलाइनवाल्यांनी भाव पाडले. सगळी बाहेरची परिस्थिती! वा रे साहेब. तांबं काय तुझ्या एकट्यासाठी महागलं? वॉशिंग मशिनच्या मोटरला तांब्याऐवजी अॅल्युमिनियमची तार, आणि मोटर तापली की वीज तोडणारा तो बोटभर भागच गायब, ही खरेदीची ऑर्डर परिस्थितीने नाही काढली. तिच्याखाली सही तुझी आहे. तुला अक्षर गिरवायला मीच शिकवलं, याची आता लाज वाटते.

आणि वर म्हणालास, "टेस्टिंगने माल पास केला होता." टेस्टिंग म्हणजे तुझी सख्खी बहीण, हे सांगायला विसरलास.

हो, केला पास. त्या रविवारी तू घरी आलास, चहाला हात लावला नाहीस. "ताई, एवढा एकच लॉट. दोन तासांऐवजी दहा मिनिटं चालवून बघ. गिऱ्हाइकाची ही ऑर्डर हातची गेली तर कारखान्याला टाळं लागेल."

"आणि मोटर पेटली तर?"

"पेटत नाही गं. तू उगाच बाऊ करतेस."

भावाचं नाक वर राहावं म्हणून मी सही ठोकली. तुझी कीव येते, माझी मात्र किळस.

शुक्रवारी गेटवर एक शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या होत्या. उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज. पेटलेल्या मशिनची वायर ओढायला गेल्या होत्या. वॉचमनने हाकलायच्या आत मला एवढंच म्हणाल्या, "तपासून देता ना तुम्ही?"

मी तशीच मावशीकडे धावले. त्या लॉटनंतर तू तिला भेट दिलेल्या मशिनचं मागचं झाकण उघडलं. आत तांब्याची मोटर! तो भागही जागच्या जागी. म्हणजे जुन्या लॉटमधलं निवडून आणलंस. म्हणजे नवी मशिनं पेटू शकतात, हे तुला ठाऊक होतं. तोवर मी तुला मूर्ख समजत होते, बाळ्या. मूर्ख भाऊ मी जन्मभर पदरात घेतला असता.

आज सकाळी चौकशी समितीला लेखी दिलं. पुरती टेस्ट न करता सही मी केली, कुणाच्या सांगण्यावरून तेही लिहिलं. आधी माझं नाव, मग तुझं. दुपारी तो लॉट परत मागवायचं ठरलं. उद्यापासून मी कामावर नाही. तुला बोलावणं येईलच. जाताना तुझ्या त्या परिस्थितीला सोबत घेऊन जा.

मावशीला अजून काही बोलले नाही. तिच्यासमोर बसून, तिच्या डोळ्यांत बघून तूच सांगायचंस. रविवारपर्यंत थांबते.

अजून तरी तुझी,
ताई