तळ्याकाठच्या निलगिऱ्या

सातारा परिसर,
छत्रपती संभाजीनगर
७ डिसेंबर

प्रिय ऋतू,

घरी सगळे बरे आहेत. पाकिटावर माझं अक्षर बघून काहीतरी वाईट घडलंय असं तुला वाटलं असेल, म्हणून हे आधी सांगून टाकते. आईचं बीपी आटोक्यात आहे, तुझ्या शिवराजदाजींचा गुडघा आहे तसाच कुरकुरतोय. खंडोबाची यात्रा आटोपली, त्यामुळं आपला रस्ताही मोकळा झालाय. फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. तेही सांगते, पण शेवटी. मधलं गाळून एकदम खाली जाऊ नकोस, गोष्टीच्या पुस्तकांचं करायचास तसं.

मे महिन्यातल्या वादळाचं मी तुला फोनवर अर्धंच सांगितलं होतं. मागच्या तळ्याकाठची एक निलगिरी पडली, एवढं म्हणाले आणि तू लगेच तिकडं बंगळुरूत पाऊस किती झाला ते सांगायला लागलास. तळ्याचं नाव निघालं की तू असंच करतोस, हे मला ठाऊक आहे. राहिलेलं आता ऐक. ते झाड आडवं गेलं ते निजामुद्दीनभाईंच्या न्हाणीघरावर. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर होऊन आपल्या शेजारी राहायला आलेले, तू त्यांना अण्णांच्या दहाव्याला बघितलंयस. वरचे पत्रे चेपले, अर्धी भिंत खाली आली. त्यांची सून नुकतीच बाळाला न्हाऊ घालून आत गेली होती. सकाळी मी तोंड दाखवायला गेले तर ते शांतपणे म्हणाले, "बेटा, झाड को क्या मालूम किसका घर है. मगर बाकी के भी इधरिच झुके हैं, देख लो." भांडले असते तर मला सोपं गेलं असतं.

परत आले तर आई स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी. हाताला पीठ तसंच. झाड पडलं तिथं फट झाली होती आणि तिच्यातून तळ्याचं पाणी दिसत होतं. आपल्या खिडकीतून पाणी दिसतं, हे मी विसरूनच गेले होते रे. मला वाटलं, आता हिला सावरावं लागेल. तिनं नळाखाली हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "मंजू, उरलेली बी काढून टाक. सगळी." मी म्हटलं, फांद्या छाटल्या तरी भागेल. "छाटायची नायत. काढायची." आणि पुन्हा पोळ्या लाटायला बसली.

तुला ते तळं मोसंबीच्या बागेतलंच आठवत असेल. विहिरीचं पाणी साठवायला अण्णांनी खणलेलं, चारी बाजूंनी दगड लावलेलं. बाग दुष्काळात गेली, शेताचे प्लॉट झाले. आता घराच्या तिन्ही बाजूंना बंगले आहेत आणि मागच्या अंगणात ते तळं उरलंय, निलगिऱ्यांच्या भिंतीआड. पाणी पाल्यानं काळपट झालेलं. मुळं दगडांच्या सांध्यांत घुसून एक कड बाहेर आलेली. ती झाडं तोडायची हे मला पटलं होतं, पण आई ते म्हणेल हे मनातही आलं नव्हतं. इतकी वर्षं तिनं मागचं दार कपडे वाळत घालण्यापुरतंच उघडलं असेल.

राजकुमारकाकांच्या कानावर गेलं तसे ते आलेच. भावाच्या हातची झाडं आहेत, वहिनी, असं का करता, म्हणाले. मग म्हणाले, काढायचीच असली तर तळंही बुजवून टाका, जागा तरी कामाला येईल, नाहीतरी त्या पाण्यानं आपलं काय भलं केलं? आपल्या घरात इतक्या वर्षांत एवढं उघड कुणी बोललं नव्हतं. आईनं त्यांच्यापुढं चहा ठेवला. "पाण्यानं काय केलं ते मला ठावं हाय, भाऊजी. तळं बुजायचं नाय. झाडं जातील, तळं ऱ्हाईल." काका चहा न घेताच उठले. तिनं त्यांना थांबवलं नाही.

मग माझी धावाधाव सुरू झाली. जिवंत झाडाला महापालिकेच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. बँकेतून अर्धी रजा टाकून मी उद्यान विभागात किती चकरा मारल्या, ते विचारू नकोस. साहेब आज नाहीत, साहेब मीटिंगला, साहेब निवडणुकीच्या कामाला. शिवराज म्हणाला, एवढा खटाटोप करण्यापेक्षा निजामुद्दीनभाईंची भिंत बांधून देऊ आणि सोडून देऊ. भिंत तर आम्ही बांधून दिलीच. पण आई रोज संध्याकाळी मी गाडी लावायच्या आत विचारायची, झालं का? पोरीनं शाळेच्या निकालाचं विचारावं तसं. नाही म्हटलं की एवढंच म्हणायची, उद्या जा. पोळा झाला, गणपती झाले, तिचं उद्या जा चालूच. शेवटी एकदाचे निरीक्षक आले, सुटलेले दगड आणि शेजारच्या घराकडं कललेली खोडं बघून गेले आणि दिवाळीनंतर परवानगी हातात पडली. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात दुसरी लावायची ही त्यातली अट. आई म्हणाली, लावते की, फाटकापाशी कडुनिंब लावते, पण पाण्याच्या कडंला आता एक काडी नको.

पहिल्यांदा दोघंजण आले होते कुऱ्हाडी आणि एक मशीन घेऊन. झाडं सरळ तळ्यात पाडू, मग ओढून काढू, लई सोपं काम हाय, म्हणाले. मी विचारात पडले, तेवढ्यात आई आतून आली. "पाण्यात काय बी पडता कामा नाय." अहो आजी, लाकूडच पडणार, पाण्याला काय होतंय, त्यातला एक हसत म्हणाला. आईनं त्यांना फाटकापर्यंत पोचवलं. मग बँकेतल्या एका बाईंनी सांडू नावाच्या माणसाचा नंबर दिला. सोयगावकडचा आहे, आता इथंच शहरात झाडं उतरवण्याचा धंदा करतो. स्वतःची क्रेन, माणसांना हेल्मेट, कमरेला पट्टे, सगळं रीतसर. येऊन तळ्याभोवती फिरला आणि म्हणाला, शेंड्याकडून तुकडे करत क्रेननं उचलू, पाण्यात पान पडलं तर जाळीनं काढून देऊ. खोडं जमिनीलगत कापायची, मुळं मात्र उपटायची नाहीत, नाहीतर काठ ढासळेल. आईनं त्याला एकच विचारलं, "सगळी एका दिवसात व्हतील ना?" तो हो म्हणाला आणि तिनं त्याला यायला सांगितलं.

गेल्या रविवारी ते आले. निजामुद्दीनभाईंनी त्यांच्या बाजूचं फाटक उघडून दिलं म्हणून क्रेन आत तरी शिरली. आईनं मागच्या अंगणात खुर्ची मांडायला लावली. धूळ उडेल, आवाज होईल, आत बस, असं आम्ही दोघांनीही सांगून बघितलं. ती हलली नाही. पदर नाकाला लावून बसली. मशीन सुरू झाली की बोललेलं ऐकू यायचं नाही, नुसता निलगिरीचा वास, सर्दीत छातीला चोळतात तसला. वरचा माणूस दोर बांधायचा, करवत चालायची आणि एवढा मोठा ओंडका हवेत तरंगत आमच्या डोक्यावरून शेजारी जायचा. एकेक झाड गेलं तसं पाण्यावर ऊन आलं. जेवणाच्या सुट्टीत माणसं सावलीला बसली, एकच झाड उरलं होतं. तेव्हा आई बोलायला लागली. भाजी काय करायची ते विचारावं, तशा आवाजात.

"तुझ्या अण्णानं ही झाडं कशापायी लावली, ठावं हाय का?" मी म्हटलं, तुझ्यासाठी. धाकटा प्रणय गेल्यावर तुला खिडकीतून पाणी दिसू नये म्हणून. सगळ्या भावकीला हेच माहीत आहे. आई म्हणाली, "माझ्यासाठी नाय. ऋतूसाठी." प्रणयनंतर तू शाळेतून आलास की दप्तरासकट ओट्यावर चढायचास म्हणे, खिडकीचे गज धरून पाण्याकडं बघत उभा राहायचास. जेवायला हाक मारली तरी उतरायचा नाहीस. सात वर्षांचं पोर, खायचं प्यायचं टाकलेलं. अण्णांनी नर्सरीत जाऊन विचारलं, सगळ्यात लवकर काय वाढतं? आणि त्या निलगिऱ्या आणल्या. पाणी दिसलं नाही तर पोरगं विसरेल, असं त्यांना वाटलं. घरात तो विषय काढायचा नाही, हेही त्यांनीच ठरवलं. आईनं ते पाळलं, ते गेल्यावरसुद्धा.

ऋतू, तो दिवस मी पाहिलेला नाही. मी मामाकडं लासूरला होते, मला घेऊन आले तेव्हा अंगण माणसांनी भरलेलं होतं आणि तू कोपऱ्यात बसला होतास. मला जे माहीत होतं ते तुझ्याकडून. कॉलेजात असताना हॉस्टेलच्या फोनवरून तू एकदाच म्हणाला होतास, "ताई, तो बुडत होता आणि मी नुसता बघत उभा होतो." तू विश्वासानं सांगितलेलं, म्हणून मी ते कधी कुणाजवळ काढलं नाही. रविवारी काढलं. रागवायचं तर रागव. आईनं माझ्याकडं असं बघितलं की मला भीतीच वाटली. "कोण म्हणतं असं?" ऋतूच म्हणतो, मी सांगितलं. "अजून?" अजून. तेवढ्यात सांडू विचारायला आला, शेवटचं घेऊ का. "घे," म्हणाली. मशीन सुरू झाली म्हणून तिनं खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि माझ्या कानाशी तोंड आणून सगळं सांगितलं.

ती खिडकीशी तांदूळ धूत होती. प्रणयची चप्पल पाण्यात गेली होती, ती काढायला तो पंपाच्या पायपावर चढला होता. तिचं लक्ष नव्हतं. तू हाक मारलीस म्हणून तिनं मान वर केली. हाक आधी आली, ऋतू. "आई" म्हणून ओरडलास ते बागेत अण्णांनाही ऐकू गेलं, ते तिकडून धावत सुटले. ती पोचली तेव्हा तू काठावर नव्हतास. गळ्याइतक्या पाण्यात होतास. एका हातानं दगडाची कड धरलेली आणि दुसऱ्या मुठीत प्रणयचा सदरा. तिला पोहता येत नव्हतं. काठावर पालथी पडून तिनं हात घातला तो तुझ्यापर्यंत पोचला. तिनं तुला ओढलं आणि त्या हिसक्यात तुझ्या मुठीतून सदरा सुटला. अण्णांनी उडी टाकली, पण गाळात शोधायला वेळ गेला. "त्यानं सोडला नाय," आई म्हणाली. "मी वढलं म्हणून सुटला. आणि फिरून ती येळ आली तर मी तेच करीन. जे हाताशी हाय ते आधी काढीन." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्याच्यानं मात्र राहवलं नाही. प्रणयच्या दहाव्याला भावकीतल्या एका बाईनं तुझ्यादेखत विचारलं होतं, हा काय नुसता बघत उभा होता का? ते वाक्य तू उचललंस आणि इतकी वर्षं स्वतःचं म्हणून सांभाळलंस. आईला वाटत होतं, तुला खरं ठाऊक आहे आणि तिनं तुला आधी काढलं म्हणून तू तिच्यावर रागावून घरी येत नाहीस.

हे पत्र आईनं लिहायला लावलंय. फोनवर तो ऐकून घेत नाय, ठेवून देतो, कागद असला की परत परत वाचंल, असं ती म्हणाली. मी लिहिलेलं तिला वाचून दाखवलं आणि तिनं मान हलवली, म्हणजे यातलं सगळं तिचं आहे असं समज. नाताळच्या सुट्टीत प्रेरणाला आणि पोरीला घेऊन ये. हॉटेलात उतरायचं नाही, घरी. तळ्याला चारी बाजूंनी जाळी आणि कुलपाचं दार बसवायला शिवराजनं माणूस लावलाय, तू यायच्या आत ते काम होईल. आईला हे सगळं तुला स्वतःच्या तोंडानं, त्या काठावर बसून सांगायचंय. तू नाही आलास तर ती गाडीत बसून बंगळुरूला येईल. तिकीट काढून ठेव म्हणालीय मला, आणि ती किती हटून बसते ते तू आता वाचलंसच. शाळेतल्या पोहण्याच्या तासाला तू पोरीला पाठवत नाहीस, हे प्रेरणानं मला सांगितलं होतं. मी ते आईला सांगितलं. त्यावर ती जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहिते: "त्याला म्हणावं, मला पवता येत असतं तर दोघं बी हाताला आले असते. पोरीला शिकव."

तुझीच,
मंजूताई