सायबेरियाचा धडा

गुरुजी, तुम्हाला देवाघरी जाऊन तीस वर्षं झाली, म्हणून लिहायचा धीर होतोय. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी, तिसगावजवळच्या आपल्या शाळेत, तुम्ही सातवीला सायबेरिया शिकवत होता. रशियन लोक तिकडं गेले, किल्ले बांधले, शिकार करून राहणाऱ्या मूळच्या लोकांच्या रानात नांगर घातले. वर त्यांच्याकडूनच जनावरांची कातडी वसूल करायची, आणि ती वेळेवर यावीत म्हणून टोळीतला एकेक माणूस किल्ल्यात ओलीस ठेवायचा. वर्ग पेंगत होता. तेवढ्यात माझ्याच बाकावरची, भिल्लवस्तीतली, एरवी तोंडातून शब्द न काढणारी पोरगी उभी राहिली. "गुरुजी, आपल्याकडं बी तसंच हाय. गावात चोरी झाली की माझ्या बापाला चावडीवर बसवत्यात. माल घावंपर्यंत."

तुम्ही खडू खाली ठेवलात. खरं आहे तुझं, म्हणालात, आणि बघितलंत मात्र माझ्याकडं. बसवणारे पाटील म्हणजे माझे वडील, दादा ना! अस्सा राग आला मला तुमचा. घरी जाऊन फणकाऱ्यानं सगळं ओकले, बोललं कोण तेवढं सोडून. दादांचा घास हातातच राहिला.

"हे कोन म्हनलं?"

"गुरुजी," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दादा चार माणसं घेऊन शाळेत येतात. वर्गाच्या दारातच तुम्हाला विचारतात. माझ्या शेजारी ती बाकाची कड घट्ट धरून बसलीय. तुम्ही एकदा तिच्याकडं बघता, एकदा माझ्याकडं. मग शांतपणे म्हणता, "हो, मीच म्हणालो." पंधरा दिवसांत तुमची बदली पार अकोले तालुक्याच्या डोंगरात झाली. ट्रंक घेऊन एस.टी.त चढलात तेव्हा पोचवायला कुणी आलं नाही. मीही नाही.

मागच्या वर्षी ती नगरला भेटली. निवृत्त नर्स आहे. माझे हात धरून रडली. म्हणाली, "तू माझं नाव घेतलं न्हाईस, म्हणून माझा बाप वाचला."

गुरुजी, तिचा बाप माझ्या मनातही नव्हता. भिल्लाच्या पोरीजवळ बसायचं नाही, असं दादांनी बजावलं होतं. तिचं नाव घेतलं असतं तर ती कुणाच्या बाकावर बसते, हे त्यांनी पहिलं विचारलं असतं. मार चुकवायला तुमचं नाव घेतलं, बस्स. हे तिला तिथंच सांगायला हवं होतं. हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून तुम्हाला सांगते. ती रडत होती, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "अगं, त्यात काय एवढं."