एरियल कोण कापून राहिलं

८ जानेवारी १९८४, रविवार
एरियल परत तुटलं. मागच्या महिन्यात तुटलं तेव्हा म्हटलं, माकडं असतील. आज टोक हातात घेऊन नीट पाहिलं. तांबं चकचकीत, कापल्यासारखं सपाट. माकडं पक्कड घेऊन येत नाहीत.
हॅम रेडिओ क्लबची वेळ गेली. रविवारी सकाळी सगळे आपापल्या घरून सेटवर येतात, ठवरे सर एकेकाला हाक मारतात. मला मारली असेल. मी इथे मेलेल्या सेटसमोर.
हे नाइट करून खापरखेड्याहून आले आणि न झोपता वर चढले. "काहून रडून राहिली वं? तारच तर हाय." सांधून दिली. टेप गुंडाळताना यांचा हात किती सफाईने चालतो. पॉवरहाऊसमध्ये जन्म गेला त्यात.

११ जानेवारी
माझा संशय ढोबळ्यांवर.
गच्चीला गच्ची लागून, मधली भिंत गुडघ्याएवढी. एरियलचं एक टोक आमच्या बांबूला, दुसरं त्यांच्या टाकीला. दिवाळीत त्यांनी टीव्ही घेतला, तेव्हापासून कुरकुर. काकू भिंतीवरून म्हणाल्या, "तुमची टिकटिक सुरू झाली का आमच्या टीव्हीत मुंग्या नाचतात."
मग काका. "तुमच्या चौकशीले पोलीस आला होता ना?"
"लायसनसाठी येतो काका. सगळ्यांकडे येतो."
"पण आला होता ना? बाईमाणसाले दूरदूरच्या लोकाइशी बोलाची काय गरज हाय म्हणतो मी."
चेहरा हसरा. हात मागे बांधलेले. हातात काय होतं दिसलं नाही. काहीच नसेल. पण दिसलं नाही.

१५ जानेवारी, रवि.
धरमपेठला सरांच्या गॅरेजमध्ये क्लब. नेहमीचे सात-आठ पुरुष आणि मी. सगळं सांगितलं. सर म्हणाले, टीव्हीचं काहीतरी करू. मग हळूच, "पण शोभाताई, स्टेशन असंच बंद पडत राहिलं तर सेट दुसऱ्याला द्यावा लागेल. क्लबचा एकच चांगला सेट आहे."
माहीत आहे. तार ऑफिसात मोर्सवर हात बसलेला, म्हणून मला दिला. ऑफिसात आता टेलिप्रिंटर खडखडतात, मोर्सच्या की कपाटात गेल्या. तो हात आता घरी या सेटवरच चालतो. सेट गेला तर तोही गेला.
बोरीकरला तो सेट हवा होता. क्लबचा सेक्रेटरी, सीताबर्डीवर इलेक्ट्रिकचं दुकान. सर बोलत होते तेव्हा मान खाली घालून एक स्क्रू फिरवत होता. तो कधीचा घट्ट झाला होता.

२२ जानेवारी, रवि.
सर आणि बोरीकर येऊन ढोबळ्यांच्या टीव्हीमागे फिल्टर लावून गेले. मी की दाबली, काकूंनी आतून ओरडून सांगितलं, "नाही आल्या मुंग्या!" चहा, चिवडा झाला. काका म्हणतात, "अशानं होत होतं तर आधी सांगाचं ना बाई." आता स्वतःच विचारतात, आज कोणता गाव लागला?
जाता जाता बोरीकर आमच्या गच्चीवर एरियल बघायला गेला. बराच वेळ वर होता. काय बघायचं असतं एका तारेत?

३० जानेवारी
परत कापलं. बांबूपाशी, त्याच जागी.
ढोबळे परवापासून मुलीकडे उमरेडला. घराला कुलूप. म्हणजे ते नाहीत. उगाच त्यांच्याबद्दल काय काय मनात आणलं. राहिला बोरीकर. दुकानात पकडीच पकडी.
म्हैसूरचे राव, ज्यांच्याशी सेटवर रोज बोलणं होतं, त्यांची वेळ चुकली. त्यांची पत्नी कमला अंथरुणाला खिळलेली, सेटशेजारीच तिची खाट. बोलणं संपताना ती त्यांच्याकरवी मला '८८' पाठवते. एरवी आम्ही सगळे '७३' म्हणतो, म्हणजे नमस्कार. ८८ म्हणजे प्रेम. बाईने बाईला पाठवायला काय हरकत? मीही पाठवते. आज वाट बघितली असेल तिने.
हे परत वर. सांधा आधीपेक्षा पक्का. "आता नाही तुटत," म्हणाले.

५ फेब्रुवारी, रवि.
आज क्लबात सगळ्यांसमोर बोलून टाकलं. "बोरीकर, सेट पाहिजे तर सरळ मागा. तार कापू नका."
त्याने फडक्याला हात पुसले. "मॅडम, तुमच्या गच्चीवर मी एकदा चढलो. तेही तुमच्या स्वयंपाकघरातून. ढोबळ्यांच्या घराले कुलूप होतं म्हणता, मग मी काय उडत आलो? गच्चीची चाबी कोणाकडे राहते?"
स्कूटर काढून गेला. सर म्हणाले, "काही पुरावा होता का तुमच्याजवळ?" नव्हता. अजून नाही.

तीच तारीख, संध्याकाळ
गच्चीची चावी स्वयंपाकघरात खिळ्याला. घरात माणसं दोन.

९ फेब्रुवारी
तीस तारखेला यांची सेकंड शिफ्ट होती. सकाळी मी भाजीला गेले तेव्हा घरी होते. आठ जानेवारीच्या आदल्या दिवशीही असतील, रात्रीच तर गेले ड्यूटीवर. डिसेंबरचं आठवत नाही.
हे काय लिहीत बसले. जो माणूस झोप मोडून सांधून देतो तो…
आज जेवताना त्यांच्याकडे बघत होते. म्हणाले, "काय झालं? मीठ कमी हाय का?" मीठ बरोबर होतं.

१३ फेब्रुवारी
जेवताना, सहज, "शोभा, अठ्ठ्याऐंशी म्हणजे काय वं?"
"कुठे ऐकलं?"
"असंच."
हा आकडा मी या घरात तोंडाने कधी उच्चारलेला नाही. फक्त कीवर.

१४ फेब्रुवारी
विचारलं. लपवलं नाही त्यांनी. पॉवरहाऊसमध्ये भुरे म्हणून एकजण आहेत, फौजेत सिग्नलला होते. कंपनीच्या बसमध्ये, डब्याच्या झाकणावर बोटाने ठोकून त्यांनी यांना मोर्स शिकवलं. बरेच महिने झाले.
"काहून पण?"
"तू रोज घंटाभर कोणाशी तरी बोलत राहते. मी तिथंच बसून. मले काही समजे नाही. आपल्याच घरात पाहुण्यासारखं वाटे."
"मग मले काहून नाही विचारलं?"
ताटात बोटं फिरवत राहिले.
माझ्या कानांवर हेडफोन असतात. म्हणजे राव काय पाठवतात ते यांना कधी ऐकू आलंच नाही. की माझी वाजते, ती ऐकू येते. इतके महिने यांनी फक्त माझी बाजू ऐकली. आज ऑफिसात दिवसभर तेच. काय काय पाठवलं मी? 'काल वाट पाहिली.' 'उद्या घरी एकटीच आहे, वेळ आहे.' 'तब्येत जपा.' '८८.' पलीकडचं काढून टाकलं की कसं ऐकू येतं हे.
कमलाबाईंचं सगळं सांगितलं, खाटेपासून. ऐकून म्हणाले, "हं."
ते हं नुसतं हं नव्हतं.
तारेचं विचारणार होते. तोंडाशी आलं होतं. नाही विचारलं.

१९ फेब्रुवारी, रवि.
हेडफोन काढून ठेवले, स्पीकर लावला. म्हटलं, बसा इथे, दोन्हीकडचं ऐका. खुर्ची ओढून बसले. राव आलेच नाहीत. परवाही नव्हते, कालही नव्हते.
"आला नाही का तुझा राव?"
तुझा.
थोड्या वेळाने, "मी बसलो म्हणून तर नाही?" हसत म्हणाले. मीही हसले. मी रावांना आधीच सांगून ठेवलं असेल, असं वाटत असेल का यांना? सांगणार कशी, सांगायची सगळी वाट तर यांच्या कानांवरूनच जाते.

२७ फेब्रुवारी
राव लागले! अगदी बारीक, खरखरीत, पण लागले. कमलाबाई हॉस्पिटलात होत्या, काल घरी आणलं, शोभा कशी आहे विचारतात.
हे वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलने उतरवून घेत होते. अर्धी अक्षरं सुटली. 'वाइफ' आलं, 'हॉस्पिटल' आलं, मग पेन्सिल ठेवली.
"म्हातारा हाय का?"
"वय नाही माहीत. विचारू?"
"नको."
शेवटी कमलाबाईंचं ८८ आलं. मी परत ८८ पाठवताना एकेक टिंब मोजून पाठवलं. तार ऑफिसात पहिल्या दिवशीही असं मोजलं नव्हतं.
हे उठून गच्चीवर गेले. डोक्यावर पावलं ऐकू येत होती. बांबूपर्यंत गेली, थांबली. मी की दाबून बघत होते, चालू आहे का, अजून चालू आहे का. रावांना वाटलं असेल बाई वेडी झाली. तार चालूच राहिली. खाली आले, "तार ढिली पडली होती. ताणून देल्ली."

४ मार्च, रवि.
बोरीकर क्लबला येत नाही. सेक्रेटरीपद सोडलं. सर म्हणतात, दुकानावर जाऊन माफी मागून टाका, माणूस चांगला आहे. जायला हवं. पण काय म्हणू? तुम्ही कापली नाही, मला कळलं. मग तो विचारणार, कोणी? सीताबर्डीपर्यंत गेले होते परवा. समोरच्या फुटपाथवरून दुकान बघितलं. गिऱ्हाइकाला बल्ब लावून दाखवत होता. परत आले.
आणि सर सहज म्हणाले, "तुमचे मिस्टर येऊन लायसनच्या परीक्षेचा अभ्यासक्रम घेऊन गेले. छान झालं, दोघं मिळून बसाल."
मला माहीतच नव्हतं.
मिळून बसणार, की माझ्यावर पहाऱ्याला बसणार? सरांना हा प्रश्न विचारता येत नाही. कोणालाच येत नाही.
जानेवारीनंतर एरियल मात्र शाबूत आहे. हेही चांगलं की वाईट ठरवता येत नाही.

११ मार्च, रवि.
संध्याकाळी सरावाचा बझर काढला. म्हणाले, "तू पाठव, मी घेतो." टेबलाच्या दोन बाजूंना दोघं. पाणी पाठवलं, भाकर पाठवलं, नदीचं नाव कन्हान पाठवलं. कन्हानमध्ये एक अक्षर चुकलं तर लहान पोरासारखे चिडले, मग हसले. त्यांना असं हसताना बघून किती दिवस झाले. वाटलं, बस, सोडून दे आता.
सोडलं नाही. न थांबता, त्याच चालीने पाठवलं, 'तार तुम्ही कापली का'.
पेन्सिल 'तार तुम्ही' पर्यंत आली आणि थांबली. बझर पुढे वाजत राहिला. त्यांनी कागदाकडेच बघत म्हटलं, "पुढचं सुटलं. खूप जोरात गेली तू. परत पाठव."
जोरात गेले नव्हते. वीस वर्षं झाली हाताला, चाल बदलली तर मला कळते.
बाहेर ढोबळ्यांच्या टीव्हीवर गाणी सुरू होती. मी कीवर हात ठेवून बसले. ते पेन्सिल धरून बसले. वर बघतील असं वाटलं. नाही बघितलं.
मग मी 'चहा' पाठवलं. तो त्यांनी बरोबर लिहिला. पण नव्या कागदावर. पहिला घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला.