आईच्या खोलीची खिडकी

लासुर्णे, रविवार, १२ मे १९९६

डोकं भणभणतंय. महिन्यानं घरी आलो तर नव्या घरावर पत्रेसुद्धा चढलेले, सगळे राहायलाही आलेले, आणि आईच्या खोलीला खिडकीच नाही! बारामतीच्या कारखान्यात माझं ड्रॉइंग बघून लेथवाला एक शब्द न विचारता हवा तो भाग कातून देतो. आणि इथं?

"तात्या, गवंड्याला माझा नकाशा दाखवला नाही का?" वडिलांना विचारलं.

"दावला की. त्यो म्हनला, लई झाक हाय, सिमेंटच्या हातानं खराब हुईल. मग इंदापुरातनं फ्रेम करून आणली."

फ्रेम! दम्यानं आई बाहेर पडत नाही. पडल्या पडल्या तिला रस्ता दिसावा म्हणून तिच्या खाटेची उंची मोजून मी ती खिडकी काढली होती. मापं घातली, बाण दाखवले. आणखी काय करायचं असतं? वाचून दाखवायला रोज इथं येऊन बसायचं?

आई मात्र खूश. फ्रेम तिच्याच खोलीत लावलीय, खाटेसमोर.

"रोज बगती मी," म्हणाली. "किती सरळ रेघा काढल्यास रं!"

फ्रेमचा खिळा नेमका खिडकीच्या जागी ठोकलाय.