टायरचं वय

अहो,

आज तुमची घोडी न्यायची ट्रॉली उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा जीपमागं रस्त्यावर गेली. तुमचे धाकटे बंधू, गजानन भाऊजी, आपल्या लाडी घोडीला वरातीसाठी पुसेगावला घेऊन गेलेत. मला घरात बसवेना, म्हणून आपल्या सोनीच्या वहीचं पान फाडून लिहायला घेतलं. तुम्हाला पत्र असं हे पहिलंच. एरवी कशाला लिहिलं असतं? कितीही लांबची वरात असो, तुम्ही घोडीला घेऊन घरीच यायचात!

खरं सांगू? मला काही वाटतच नाही. उन्हाळ्यापासून असंच आहे. बायका गळ्यात पडून रडतात, मी त्यांना पाणी देते. लाडीला हरभरा भिजवते, सोनीचा डबा भरते. हातपाय आपले आपण चालतात. तुमच्या ताई म्हणाल्या, "रड गं बाई एकदा, मोकळी हो." बोलावल्यावर येतं का हो रडू?

वसमतचं लग्न उरकून येताना ट्रॉलीचं डावं टायर फुटलं, ट्रॉली झोकांडली आणि जीपलाही नाल्यात घेऊन गेली. लाडी गुडघा सोलवटून उठली. तुम्ही नाही उठलात. जमलेला जो तो त्या टायरकडं बघून म्हणत होता, "नवंच दिसून राहिलं की! नक्षीसुदिक झिजली न्हाई." नशिबाला बोल लावून आम्ही गप्प बसलो.

तुळशीचं लग्न झालं, वरातीचं बोलावणं आलं. टायर आणायला भाऊजींबरोबर मीही वसमतला गेले. माप दाखवायला फुटलेलं सोबत नेलं होतं. दुकानदारानं त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "ताई, हे झिजून न्हाई फुटलं. म्हातारं होऊन फुटलं." कडेला चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, मागचे दोन सालाचे. "लग्नसराईपुरतं चालतंय, बाकी सारं साल उन्हात उभं. मग नक्षी झिजंल काहून? पण रबर वाळायचं थांबतंय व्हय?"

मी साल वाचलं. तेव्हा आपली सोनी अंगणवाडीत जात होती. आता ती कॉलेजला जाते!

अहो, तुम्ही बाजारात घोडीचं तोंड उघडून दात बघितल्याशिवाय दोरीला हात लावायचा नाहीत. "कातडीवर जाऊ नये, तकतकीत म्हातारी गळ्यात पडते," हे तुम्हीच मला शिकवलंत ना? नाल झिजायच्या आधी नालबंदाला घरी आणायचात. घोडीचं एवढं बघितलंत, मग ज्याच्यावर ती उभी राहायची आणि ज्याच्या पुढं तुम्ही बसायचात, त्या ट्रॉलीच्या टायरचं वय एकदा बघायला काय झालं होतं? ओणवं व्हायचं, वाचायचं, एवढंच काम होतं.

घरी येऊन उजवं टायर बघितलं. तेच साल. कडेला बारीक भेगा, उन्हाळ्यात माझ्या टाचांना पडतात तशा. स्टेपनीचंही तेच. भाऊजी ऐकेनात. "एकच बदलू, वैनी. हे उजवं दादानं सोताच्या हातानं बसवलंय. त्याची तेवढी निशाणी राहू द्या." बोलताना त्यांचे डोळे भरले होते. माझे कोरडेच.

मी म्हणाले, "निशाणी घरात ठेवावी भाऊजी, रस्त्यानं पळवू न्हाई. तिन्ही बदला, न्हाईतर लाडी दावणीवरून सुटत नसती." रुसले, त्या दिवशी माझ्या हातचं जेवले नाहीत. पण बदलली. शेजारचे बैलगाडीला जुनी टायरं मागायला आले, तर मी कुऱ्हाड घेऊन त्यांच्यासमोरच तिन्हींच्या कडा फोडल्या. बाई पिसाळली म्हणाले. पिसाळले कुठली! तेव्हाही मला काहीच वाटत नव्हतं.

एवढं लिहून झालं आणि भाऊजींचा फोन आला. "वैनी, पोचलो बरं. लाडीबी झ्याक हाय." मी "बरं" म्हणून फोन ठेवला.

मला राग आला हो. तुमचा. एवढा की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काही वाटलं, आणि तो राग निघाला! पोचता येत होतं की! भाऊजी पोचले, तसे तुम्हीही पोचला असतात! मी मोठ्यानं रडले. सोनी धावत आली आणि मला धरून बसली. आता तिच्याच मांडीला टेकून पुढचं लिहितेय.

तुम्हाला शब्द देते. दर साली लग्नसराईच्या आधी मी स्वतः ओणवी होऊन साल वाचीन. टायर कितीही नवं दिसो, वय झालं की काढायला लावीन. भाऊजी रुसले तरी, उद्या सोनीचा नवरा रुसला तरी. तुमच्यावरचा राग मात्र सोडायचं वचन आज मागू नका.

तुमचीच,
सुमन
डोंगरकडा