कशाचीच नसलेली जागा

४ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझ्या गावात मुका बार नाही, म्हणून हे पत्र तुला खोलीवरच वाचावं लागणार. नाइलाज आहे. तेवढं दार लावून घे आणि बस.

महिनाभर अप्पांचा घास अडकत होता. आधी पाव अडकला, तेव्हा त्यांनी बेकरीवाल्याला शिव्या दिल्या. मग भात अडकला, तेव्हा मला, की मी शिजवतोच कच्चा. गेल्या आठवड्यात ऑम्लेटसुद्धा उतरेना, तेव्हा ओढतच डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या. काल डॉक्टरांनी अप्पांना शर्ट घालायला पडद्याआड पाठवलं आणि मला हळूच सांगितलं, की अन्ननलिकेत गाठ आहे, पसरली आहे, कापाकापीत आता अर्थ नाही. वर्षही काढणार नाहीत म्हणाले. हे त्यांना कोण सांगणार विचारलं, तर तुम्ही घरचे लोकच नीट सांगाल, असं म्हणून हात झटकले. तेवढ्यात अप्पा बटणं लावत बाहेर आले आणि दवाखान्याच्या पाटीवरचं एक अक्षर कसं बसकं आलंय ते डॉक्टरांना समजावू लागले. जन्मभर पाट्या रंगवल्या, दुसरं काय सुचणार.

घोडं कुठं अडलंय ते तुला कळलंच असेल. ही रीत आई-अप्पांनी आजीमुळे पाडली. एकच खोली, कोपऱ्यात आजीची खाट, तिचं काळीज नाजूक आणि कान तिखट, म्हणून मोठी बातमी घरात बोलायची नाही. आजी जाऊन जमाना झाला, रीत काही जाईना. चांगली बातमी आरसेवाल्या हॉटेलात, कारण तिथं चारी बाजूंनी आपलेच हसरे चेहरे दिसतात. भांडण मिटवायचं ते लॉन्ड्रीशेजारच्या सूपवालीकडे, तिचं बाकडं इतकं तोकडं की रुसून लांब सरकायला जागाच नाही. निरोप द्यायचा तर स्टेशनसमोरचा कॉफीवाला. आणि वाईट बातमी मुक्या बारमध्ये. गाणं नाही, उंच पाठीची बाकं, आणि मिशीवाले ग्लास ठेवून जातात ते हाक मारल्याशिवाय फिरकत नाहीत. आईचं दुखणं आपल्याला तिथंच कळलं.

म्हणूनच मी अप्पांना तिकडे नेऊ शकत नाही. चौकातून डावीकडे वळलो की मी तोंड उघडायच्या आत त्यांना सगळं कळेल. तेवढी वाट तरी त्यांनी त्या भीतीनं चालू नये असं मला वाटतं. दिवसभर दुकानात काचा घासतो आणि डोक्यात हेच. काल एका बाईंच्या डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवून दिली.

तू ये ना. नाहीतर मी काय करू ते तरी सांग.

लोभ आहेच, आता थोडी अक्कलही पाठव.
तुझा धाकटा

११ मार्च

चि. धाकट्यास,
ताईचे अ. उ. आ.

दार लावून वाचलं. तरी शेजारीण विचारायला आली, म्हणजे मी मोठ्यानं रडले असणार.

मला आत्ता निघता येत नाही रे. शाळांच्या गणवेशांची ऑर्डर अंगावर आहे, सगळं शिवणखातं माझ्या डोक्यावर टाकून मालक मोकळे झालेत. माल गेला की एप्रिलमध्ये रजा मागते. पण अप्पांना तोवर अंधारात ठेवू नकोस. त्यांचं शरीर, त्यांना कळायला नको?

मुका बार नको म्हणतोस ते पटलं. मग आरसेवाल्याकडे ने. दुपारच्या वेळी ने, गर्दी नसते. तिथं त्यांचा जीव रमतो, गल्ल्यावरच्या बाई त्यांचे लाड करतात. मन निवांत असताना हात धरून हळूहळू सांग. माझं ऐक, तिथं ते घाबरणार नाहीत.

आणि भात खरंच कच्चा ठेवतोस तू. पाणी वाढव.

माया आहे तशीच आहे, उगाच एकटा समजून कुढू नकोस.
ताई

२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं आणि माती खाल्ली. तुला दोष नाही, आपण दोघंही शहाणे.

रविवारी दुपारी आरसेवाल्याकडे जाऊ, एवढंच मी म्हटलं. अप्पांनी दोनदा दाढी केली. लग्नकार्याचा कोट काढला, तो आता खांद्यावरून घसरतो. वाटेत सूपवालीला थांबवून सांगितलं, की पोरगा बोलत नाहीये पण बातमी चांगली आहे, कुठं चाललोय ते बघा ना. गल्ल्यावरच्या बाईंनी मधलं टेबल दिलं. अप्पांनी तळलेला मासा मागवला, बटाटे मागवले, पुडिंग मागवलं. मासा ते नुसता ताटात फिरवत होते. एक घास घेतला तो रुमालात काढला आणि रुमाल खिशात घातला, मला दिसू नये म्हणून. मला तो चारी आरशांत दिसला.

मग ते पुढं वाकून म्हणाले, बोल आता. इतका आनंदी चेहरा आई गेल्यापासून मी पाहिला नव्हता. हात धरला, तू सांगितलं होतंस तसा. आणि तोंडातून काय निघालं, तर ताई कायमची परत येतेय.

अप्पांनी ताट बाजूला सारलं. मग उठून बाईंना सांगायला गेले, की पोरगी घरी येतेय. बाईंनी टेबलावर केक पाठवला. अप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी मान खाली घालून केक खात होतो. त्या हॉटेलात वाईट बोलायला जीभच उचलली नाही माझी.

आता ते तुझ्यासाठी फळी रंगवतायत. अर्धं कपाट रिकामं केलंय. दारावरच्या पाटीवर तुझं नाव घालतायत, शिडीवर चढून. मी खालून शिडी धरतो आणि मेल्याहून मेल्यासारखा होतो. तू आली नाहीस तर काय सांगू, आणि आलीस तर कशाला आली ते काय सांगू?

लोभ वाढवायचा की रागवायचं, ते तूच ठरव.
तुझा धाकटा

२७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ., आणि पाठीत एक धपाटा.

गाढवा, काय करून बसलास. पत्र वाचून आधी मशीन बंद केलं, मग बाहेर जाऊन उभी राहिले.

मी कायमची येऊ शकत नाही. तुला माहीत आहे. इथं बटणं लावण्यापासून सुरुवात केली, आता खातं माझ्या हाताखाली आहे. गॅलरीची खोली घेतलीय. हे सगळं सोडून मी परत त्या एका खोलीत कशी येऊ? आणि आले नाही, तर अप्पांनी माझ्यासाठी रंगवलेली फळी रिकामी पाहत जायचं? तुझ्या एका वाक्यानं मला दोन्हीकडून बांधून टाकलंस.

१२ एप्रिलला येतेय, रजेवर. आल्यावर अप्पांना मुक्या बारमध्ये नेईन आणि दोन्ही गोष्टी मीच सांगेन, त्यांचं दुखणंही आणि माझं परत जाणंही. तोवर आणखी खोटं बोलू नकोस, आणि त्यांना शिडीवर चढू देऊ नकोस.

रागावले तरी तुझीच आहे.
ताई

३ एप्रिल

चि. ताईस,
अप्पांचे अ. उ. आ.

मला पत्र लिहायची सवय नाही. माझं अक्षर पाटीवर शोभतं, कागदावर मावत नाही, तेव्हा चालवून घे.

काल धाकट्याला मी मुक्या बारमध्ये नेलं. चौकातून डावीकडे वळलो तसा तो जागीच थबकला, चेहरा पांढराफटक. म्हटलं, चल, घाबरू नको. मिशीवाले ग्लास ठेवून गेले, तेव्हा मी त्याला सांगितलं, की मला गाठ आहे, मी फार दिवस नाही, आणि हे त्यानं एकट्यानं उरावर घेऊन फिरायची गरज नाही. लहानपणी रडायचा तसा रडला. मग त्यानं तुझंही खरं काय ते सांगून टाकलं.

डॉक्टरांनी मला पडद्याआड पाठवलं होतं, पण पडदा म्हणजे काही भिंत नव्हे. सगळं ऐकू आलं. मी बोललो नाही, कारण पोराला सांगायचं असेल तर त्याच्या मनानं सांगू दे म्हटलं. पण त्यानं आरसेवाल्याकडे जाऊ म्हटलं ना, तेव्हा मी चुकलो. मला वाटलं, डॉक्टरांनी पुन्हा बोलावून फिरवून सांगितलं असेल. गाठ साधी निघाली असेल. नाहीतर तिथं कशाला नेईल? म्हणून कोट घातला. तू येणार ऐकून आनंद झाला, झालाच. पण मी दुसऱ्या बातमीची वाट बघत होतो. हे त्याला सांगू नकोस. तुला सांगितलं, कारण कुणाला तरी सांगावंसं वाटलं.

तू कायमची यायची नाहीस. बारा गावच्या पाट्या रंगवून मी तुला शिकवली ती परत येण्यासाठी नाही. नाव घातलंय ते राहू दे, चांगलं आलंय.

पण रजेवर ये. आता फक्त सूप उतरतं, तेही किती दिवस कोण जाणे. तुझ्याबरोबर एकदा बाहेर बसायचं आहे, आणि मला जागाच सुचेना. मुक्या बारमध्ये जे बोलायचं ते झालं. आरसेवाल्याकडे आता पाऊल उचलत नाही. सूपवालीकडे जावं तर आपलं भांडण नाही, आणि कॉफीवाल्याकडे मी तुला नेणार नाही. सगळ्या जागा कशाच्या ना कशाच्या करून ठेवल्या आपण. नुसतं बसायला एकही ठेवली नाही.

म्हणून आज सकाळी धाकट्याचा हात धरून हिंडलो. बस डेपोच्या मागे एक खानावळ सापडली. सूप पाणचट, खुर्च्या डुगडुगत्या, आणि पाटी म्हणजे डोळ्यांवर अत्याचार. मालकाला मी तसं तोंडावर सांगितलं. तिथं आपलं आजवर काहीच झालेलं नाही. तिथं बसू. तूही काही सांगायचं नाहीस, मीही नाही.

तब्येतीस जप, माझ्याकडे बघू नको.
तुझे अप्पा

९ मे

चि. धाकट्यास,
ताईचे अ. उ. आ.

सुखरूप पोचले. काल कामावर गेले. बायका येऊन हात धरून गेल्या, मग मशीनं सुरू झाली. बाप गेल्यावरही गणवेश शिवायचेच असतात.

तू अग्नी देताना उभा होतास ते मला फारसं आठवत नाही. डेपोमागची ती एक दुपार मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. अप्पांनी मालकाला पुन्हा पाटीवरून झापलं. मग बुटाचे तळवे रबराचे बरे की चामड्याचे, यावर तुम्ही दोघं केवढे भांडलात. त्यांच्यापुढचं सूप गार होत होतं. चमचा तोंडात धरून ठेवायचे, मग हळूच पुसायचे.

मला सांगायचं होतं रे, की मी राहते, नाही जात. दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून मीठ मागितलं. त्यांना मीठ चालत नव्हतं. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, मी राहते म्हटलं असतं तर खरं करून दाखवता आलं असतं का? माहीत नाही. त्यांनी मला ते म्हणूच दिलं नाही.

तू जेवतोस ना? कुठं जेवतोस? नीट लिही, गोलमाल उत्तर नको.

आता दोघंच आहोत, पत्राला उशीर करू नकोस.
ताई

२१ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कुठं जेवतोस विचारलंस. खरं तर पंचाईतच झाली होती. आरसेवाल्याच्या दारावरून जाववत नाही, बाई काचेतून हात करून विचारतात की ताई सामान घेऊन कधी येणार. मुक्या बारमध्ये अप्पांचं सांगायला गेलो, तेव्हा मिशीवाले पहिल्यांदाच समोर येऊन बसले. तिथं रोज कसं जेवणार? घरी भात लावतो. पाणी वाढवलं, आता गिचका होतो. कपाटाचा अर्धा भाग अजून रिकामाच आहे, मला तिथं काही ठेववत नाही. फार आठवण येते, ताई. दुकानात कुणी चष्मा घालून पाटी वाचायला लागलं की मला कोपऱ्यात जावं लागतं.

काल दुपारी शेवटी डेपोमागे गेलो. त्याच खुर्चीवर बसलो. मालक सूप घेऊन आले आणि विचारू लागले, की बाबा कुठं आहेत, बऱ्याच दिवसांत शिव्या खाल्ल्या नाहीत. पाटी नवी करायला घेतलीय, अक्षरं एकदा त्यांनी बघावीत अशी इच्छा आहे म्हणाले.

सगळं ओठावर आलं होतं. पण मी इकडेतिकडे पाहिलं. डुगडुगती खुर्ची, मिठाची बाटली, आणि तिथं आपलं अजूनही काहीच झालेलं नव्हतं. मी म्हटलं, घरी आहेत, जिना उतरवत नाही त्यांना.

पुन्हा खोटं बोललो. हवं तेवढं रागाव. पण तू रजेवर आलीस की तिथं जाऊ, आणि मालकांनी विचारलं तर तूही तेच सांग.

निघताना त्यांनी बाबांसाठी म्हणून डब्यात सूप भरून दिलं. मी नको नको म्हणत होतो, ऐकलं नाही. मुद्दाम पातळ केलंय म्हणाले, घशाला त्रास नको. डबा दोन्ही हातांनी धरून घरी आणला, आणि आपल्या तिघांच्या नावाच्या पाटीखाली कुलूप उघडताना तो खाली ठेववेना. शेवटी आत गेलो आणि सगळं सूप मीच संपवलं, एक थेंब टाकला नाही.

उद्या डबा परत करायचा आहे. बाबांना आवडलं का विचारतील. मी हो म्हणणार आहे.

तुझ्या आशीर्वादाखालचा,
धाकटा