समान वाटणीला नकार

३ मे, रविवार
एव्हरशाईन वसाहतीतलं नेहमीचं हॉटेल. नीलिमा, शैलेश, मी. आमच्यातला चौथा, दिनेश, नाही; त्याला पुन्हा रात्रपाळी. तो न येण्याचा हा चौथा महिना.
कॉलेजपासूनची रीत: बिल भागिले माणसं. शैलेशने बिअर मागवली, मग नीलिमाने, मग पुन्हा शैलेशने. मी भाकरी, भाजी, सोलकढी.
शैलेशने मोबाईलवर भागाकार केला. प्रत्येकी साडेआठशे.
म्हटलं, "मी माझ्या खाण्याचे देईन. दोनशे चाळीस."
आधी कुणी हसलं नाही. मग शैलेश हसला. "मॅडम, हा तास वर्गात घ्या."
पैसे टेबलावर ठेवले. उठले.

४ मे
नीलिमाचा फोन.
"कमी पडत होते तर सांगायचं ना. मी भरले असते."
"मला कुणी भरायला नकोय. वाटा बरोबर हवा."
"आमच्या वाडीतली केळी दर वर्षी नेतेस. ती कधी मोजलीस?"
उत्तर सुचलं नाही. फोन ठेवल्यावरही नाही.

५ मे
कॉलेजला सुट्टी. तासांवर शिकवणाऱ्याला मेमध्ये पगार नाही. पण कारण ते नाही. पगार असता तरी हेच म्हटलं असतं. स्वतःला दोनदा विचारून पाहिलं. खरं आहे. बहुतेक.

७ मे
ग्रुपवर लिहिलं: रविवारी तिथेच. ज्याने त्याने आपलं. वेटरला आधीच सांगू.
शै.चा नुसता अंगठा. नी. वाचून गप्प.
दिनेश: येतो.

१० मे, रविवार
नी. आली नाही.
जेवण विचित्र. एरवी बोंबील मधोमध ठेवायचे, सगळ्यांचे हात त्यात. आज शै.ची प्लेट शै.पुढे. त्याने सरकवली नाही, मी हात लांबवला नाही. हे मी घडवलं. चव गेली, कबूल. तरी शब्द मागे घेणार नाही.
दिनेशने सुरमईची थाळी घेतली. वर आणखी भात. शै. म्हणाला, "पाळी बदलली वाटतं?"
"रात्रपाळी कवाच बंद झाली. सातिवलीच्या कारखान्यात आता तीन दिवस काम, चार दिवस घरी."
"मग येत का नव्हतास?"
"तुझ्या बिअरचे पैसे कोन भरनार?"
हसत म्हणाला. शै.ने ग्लास खाली ठेवला, पुन्हा उचलला नाही.
मग दिनेशने सुरमईचा अर्धा तुकडा तोडून माझ्या ताटात टाकला. मी नको म्हणणार, तेवढ्यात: "घे गं. माझ्या पैशाचा हाय, म्हनून देतोय."
केळ्यांबद्दल नी.ला द्यायचं उत्तर हेच होतं. जूचंद्र गावच्या दिनेशला जेवता जेवता सुचलं. मी आठवडाभर पुस्तकातलं काहीतरी शोधत बसले.

१२ मे
सकाळी दाराशी शै. हातात केळ्यांची फणी. "नी.ने दिलीय. म्हणाली, याचे किती होतात ते कळव."
"तू काय म्हणालास?"
"मी फक्त डिलिव्हरी." जाता जाता: "दिनेशचं मला खरंच माहीत नव्हतं गं."
मला तरी कुठे होतं.
केळी ओट्यावर. पैसे पाठवणार नाही. परतही करणार नाही.

१५ मे, शुक्रवार
केळ्यांवर काळे ठिपके. अजून एकही खाल्लं नाही. दुपारी नी.चा फोन.
"काय दर लावलास?"
"केळी तू दिलीस, मी घेतली. बिअरचे पैसे मी देत नव्हते. तुम्ही घेत होतात."
तिच्या मागे पंपाचा आवाज. वाडीत पाणी सोडलं असावं.
"दिनेशचं शै.कडून कळलं. त्याने मला का नाही सांगितलं?"
"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"
"भरले असते त्याचे."
"म्हणूनच."
मग ती: "रविवारी वाडीत या सगळे. हॉटेल नको. जेवण माझ्याकडे."
"येते. डबा घेऊन."
"माझ्या घरी डबा आणणार तू?"
"हो."
"आईला काय सांगू?"
"मी आणतेय म्हणून सांग."
फोन कट. तिने केला की रेंज गेली, कळलं नाही. मी परत लावला नाही.
एक केळं सोललं. उभ्याउभ्या खाल्लं. गोड.
वाल भिजत घातले. रविवारपर्यंत मोड येतील. बिरडं चौघांना पुरेल, नी.च्या आईलाही. वाडीचं फाटक उघडलं नाही तर डबा घेऊन दिनेशकडे जूचंद्रला.